डब्यावरचं खालचं नाव

शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. चकल्या आल्या तर त्या डब्यात निदान मूठभर साखर तरी घालून पाठवायची. आणि डबा कुणाचा हे कळायला हवं, म्हणून त्यावर नाव हवंच. आपण साताऱ्याकडची माणसं. आपल्यात सुनेचं नाव रेशनकार्डावर चढायला चार वर्षं लागतात, पण भांड्यांवर ते अक्षता पडायच्या आधीच पडलेलं असतं!

त्या दिवाळीत राजलक्ष्मी समोरच्या मुक्ताबाईंकडे करंज्या द्यायला गेली, तेव्हा ओट्यावर एक पितळी डबा होता. चांगला जाडजूड आणि आरशासारखा लखलखीत.

"लाडू घे गं," मुक्ताबाई म्हणाल्या आणि डब्याशी झटापट करू लागल्या. "मेलं हे झाकण! डाव्या अंगाला बुक्की घातल्याशिवाय उघडतच नाही."

त्यांनी डाव्या अंगाला बुक्की घातली आणि झाकण उघडलं. राजलक्ष्मीच्या हातातली करंज्यांची ताटली ओट्यावर आपटली.

ती बुक्की तिच्या ओळखीची होती. दहा-अकरा वर्षांपूर्वी वडिलांनी, हौसेरावांनी, धाकट्या सगुणाच्या लग्नासाठी असाच डबा आणला होता. आणला त्याच दिवशी दोघी बहिणींनी 'मला हवा, मला हवा' करत ओढाताण केली होती. लग्नाच्या वयाच्या घोड्या, पण पोरींसारख्या! डबा लादीवर पडला, काठ दबला, आणि तेव्हापासून झाकण बुक्की खाल्ल्याशिवाय उघडायचं नाही. हौसेराव तेवढ्यापुरते रागावले आणि मग हसत बसले होते.

"कुणाचा हा डबा, काकी?"

"बयाबाईच्या घरनं आलाय फराळ. नाव बघ की."

पोटावर नाव होतं. 'सौ. गीतांजली विश्वजित'. मशीनने टिपके टिपके पाडून घातलेलं, ताजं. राजलक्ष्मीने त्यावरून बोट फिरवलं. नावाच्या जागी पितळ किंचित खोल गेलं होतं. डोळ्याला दिसणार नाही एवढंच, पण तिचं बोट फसणारं नव्हतं. बाकी सगळं पोट गोल, आणि नेमकी तेवढी जागा बसकी. कुणीतरी तिथे दाबून घासलं होतं.

आता ही राजलक्ष्मी कोण, ते सांगायला हवं. बाजारात कांद्याच्या गोण्या वाहणाऱ्या हमालाची ही थोरली पोर. फिजिक्स शिकली आणि सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत लागली. तिचं काम म्हणजे घासलेले नंबर परत आणणं. चोर गाडीचा इंजिन नंबर घासून टाकतो, बंदुकीवरचा आकडा कानशीने उडवतो, आणि ते लोखंड हिच्या टेबलावर येतं. वसाहतीत तिला 'नंबरवाली' म्हणायचे. हे कसं जमतं असं बायकांनी विचारलं की ती सांगायची, "मुका मार बसतो ना, तसं आहे. आकडा ठोकला की घाव खालपर्यंत जातो. वरची साल घासली तरी आतला मार खाल्लेला धातू तसाच राहतो. ॲसिड लावलं की तो वेगळा कुरतडला जातो आणि नंबर वर येतो."

आणि विश्वजित कोण? याच वसाहतीतल्या बयाबाईंचा मुलगा, सगुणाचा नवरा. पावणे एमआयडीसीत त्याची बफिंगची शेड. नळ, रेलिंग, भांडी, काय म्हणाल ते चकाचक करून देणार. आठ वर्षांपूर्वी त्याने पोलिसात लिहून दिलं, की बायको पळून गेली. मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचमध्ये बसताना माझ्या मित्राने पाहिली, बरोबर परका माणूस होता, आणि माहेरचा पितळी डबा सगळ्या दागिन्यांसकट घेऊन गेली. डब्याचं त्याने आपणहून सांगितलं होतं. दागिने कुठे गेले असं सासऱ्याने विचारू नये म्हणून.

वसाहतीने ते गिळलं. पाण्याच्या रांगेत बायका 'पळाली' म्हणू लागल्या. बाजारात हौसेरावांच्या टोळीतले लोक त्यांच्यासमोर लेकीबाळींचा विषय काढेनात. तो माणूस शंभर किलोची गोणी पाठीवर घेऊन ताठ चालायचा, पण त्या एका शब्दाने वाकला, आणि वर्षाच्या आत गेला. आई शकुबाई मात्र वाकली नाही. पितृपंधरवड्यात नातेवाईक म्हणायचे, आता सगुणाच्या नावाने पान वाढा, एवढी वर्षं झाली. शकुबाई त्यांच्या अंगावर जायची. "जित्या पोरीचं पान वाढू व्हय रं? चला, निघा हितनं!"

विश्वजितला 'सोडून गेली' म्हणून एकतर्फी घटस्फोट मिळाला. मागच्या वर्षी त्याने गीतांजली घरी आणली. रस्त्यात राजलक्ष्मी दिसली की तो मुद्दाम थांबून विचारायचा, "ताई, काही कळलं का हो सगुणाचं?" मनात त्याचा गळा किती वेळा आवळला, ते तिचं तिलाच माहीत.

आणि आज तो डबा तिच्या हातात होता. पळून गेलेल्या बाईबरोबर पळालेला डबा, बेसनाचे लाडू घेऊन परत आला होता!

घरी न्यायचा, ॲसिड लावायचं, तासाभरात काय ते कळलं असतं. हात शिवशिवत होते तिचे. पण कोर्टाच्या पिंजऱ्यात तिने आजवर काही कमी उलटतपासण्या खाल्ल्या नव्हत्या. सख्ख्या बहिणीने घरी बसून वर आणलेलं नाव कोण मानणार? वकील म्हणेल, बाईनेच घातलं. आणि एकदा नको तसं ॲसिड खाल्लेलं पितळ पुन्हा जागेवर येत नाही. तिने डबा खाली ठेवला आणि हात पदराला पुसले.

"काकी, हा डबा परत पाठवू नका."

"म्हणजे? अगं, बया माझा जीव खाईल."

"खाऊ दे. मला तेच पाहिजे."

मुक्ताबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. पाण्याच्या रांगेत 'पळाली' म्हणणाऱ्यांत त्याही होत्या. त्यांनी लाडू परातीत काढले आणि डबा फळीवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी राजलक्ष्मी पोलीस ठाण्यात रणजीत माने या इन्स्पेक्टरसमोर बसली. नंबरच्या केसेसमुळे तो तिला ओळखत होता. जुनी फाइल काढून त्याने विश्वजितचा जबाब वाचला आणि मान हलवली.

"मॅडम, डबा मी आत्ता जप्त करतो. पण मिळणार शेजारणीच्या घरात. तो म्हणेल, माझा नाहीच. मग काय करायचं?"

"तो असं म्हणणार नाही."

"कशावरून?"

"त्याची आई आहे ना! स्वतःचा डबा दुसऱ्याच्या घरात राहिला तर त्या बाईच्या घशाखाली घास उतरत नाही. सगळ्या वसाहतीसमोर ओरडून सांगेल, माझा आहे म्हणून. तुम्ही फक्त त्या वेळी तिथे असा."

रणजीत हसला. त्याची स्वतःची आई साताऱ्याकडच्या कोरेगावची. त्याला जास्त समजावून सांगावं लागलं नाही.

बयाबाईंनी आधी निरोप पाठवला, मग पुन्हा निरोप पाठवला, आणि तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी स्वतःच मुक्ताबाईंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत साध्या कपड्यांत रणजीत आणि दोन पंच चहा पीत होते. राजलक्ष्मी दाराआड उभी होती.

"मुक्ते! डबा गिळलास व्हय गं माझा?"

"कुठला डबा, बयाबाई?"

"कुठला म्हनं! पितळंचा. सुनंचं नाव हाय त्येच्यावर. फराळ खाल्लास आन् डबाबी पचिवतीस?"

गल्लीतली दारं उघडली. मुक्ताबाईंनी, हे मात्र त्यांचं कौतुक, असा काही वाद घातला की विचारू नका. हा डबा माझ्या भाचीचा, तुमचा कशावरून, नाव काय कुणीही घालतं! बयाबाईंचा पारा चढला. त्यांनी लेकाला फोन लावला, आणि विश्वजित पावण्याहून बुलेट उडवत आला.

"काय टेन्शन आहे?" त्याने फळीवरचा डबा पाहिला. "आमचाच आहे तो."

तेव्हा रणजीत पुढे झाला आणि त्याने आपली ओळख सांगितली. विश्वजितचा चेहरा क्षणभर उतरला, पण मग त्याची नजर पितळेवर गेली आणि तो सावरला. स्वतःच्या हाताने मारलेला बफ होता तो. त्याच्यावर त्याचा देवापेक्षा जास्त भरवसा.

"तुमचाच, नक्की?"

"शंभर टक्के, साहेब. लग्नात बायकोसाठी नवीन घेतला."

"आधी कुणाचं नाव होतं यावर?"

"नव्या डब्यावर कुणाचं नाव असणार?"

पंचनामा झाला. बयाबाईंनी अंगठा उठवला, विश्वजितने झोकात सही केली. डबा कापडात शिवला गेला. जाता जाता त्याला दाराआडची राजलक्ष्मी दिसली. तो हळूच म्हणाला, "ताई, आरशासारखं पितळ आहे. न्या लॅबमध्ये, तोंड बघा त्यात."

"बघणार आहे," ती म्हणाली. "तुझंच."

"आन् माजा डबा परत कवा?" बयाबाईंचं आपलं तेच.

"मावशी," रणजीत म्हणाला, "रिकामा डबा परत द्यायची आपल्यात पद्धत नाही. भरूनच देऊ."

डबा तिच्याच प्रयोगशाळेत आला, आणि तिने त्याच दिवशी साहेबांना लिहून दिलं की वस्तू माझ्या बहिणीची असल्याचा संशय आहे, मी हात लावणार नाही. काम जयप्रकाशकडे गेलं. हा जयप्रकाश म्हणजे संथ माणूस. चहासुद्धा असा प्यायचा की बघणाऱ्याला घाई व्हावी. राजलक्ष्मी काचेच्या दाराबाहेर उभी राहिली. आत कॅमेरा लावलेला. त्याने पितळ स्वच्छ केलं, तिरका दिवा धरला, फेरिक क्लोराइडच्या द्रावणात कापूस भिजवून पोटावरून फिरवला. थांबला. पुन्हा फिरवला. काही नाही.

बफ फार खोल गेला असेल तर? मुका मार बसलेला सगळाच थर त्या नालायकाने उडवला असेल तर? आठ वर्षांनी हाताला लागलेलं एकच काय ते, आणि तेही त्याच्या कारागिरीपुढे हरणार? जयप्रकाशने कापूस टाकला आणि तो खुर्चीत मागे टेकला. दमाने घे, आता पाण्याने धू आणि परत लाव, सोडू नकोस, असं ओरडावंसं तिला वाटलं. तिने नुसता हात वर केला. जयप्रकाशचं तिच्याकडे लक्ष गेलं. तो उठला, दाराशी आला आणि त्याने पडदा ओढून घेतला.

त्या क्षणी त्याचाही जीव घ्यावासा वाटला तिला! पण तो बरोबर होता. काचेपलीकडून केलेली एक खूणसुद्धा उद्या कोर्टात तिच्या बहिणीच्या विरुद्ध गेली असती. ती व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. जेवणाची सुट्टी झाली आणि संपली, पण ती उठली नाही.

संध्याकाळी जयप्रकाश बाहेर आला आणि बेसिनवर हात धुऊ लागला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "रिपोर्ट पोलिसांकडे जाईल. मी तुम्हाला काही सांगणार नाही."

"विचारलं नाही मी."

त्याने बराच वेळ साबण चोळला. मग नळ बंद करत म्हणाला, "जुनी माणसं छिन्नीने नावं घालायची ते बरं. मशीनचं असतं तर कधीच गेलं असतं."

राजलक्ष्मीला भांड्यांच्या दुकानाबाहेरचे हौसेराव आठवले. मशीनवाला दोन मिनिटांत नाव घालून देत होता. हौसेराव अडून बसले होते, मशीनचं पुसतं, माझ्या लेकीचं नाव छिन्नीनं घाल, दाबून घाल. म्हाताऱ्या कारागिराने प्रत्येक टिपक्यावर हातोडी मारली आणि हौसेराव शेजारी उकिडवे बसून शेवटच्या अक्षरापर्यंत बघत राहिले होते. ती बाथरूममध्ये गेली आणि तोंडावर पदर दाबून रडली. हसलीसुद्धा. बाबांचा घाव विश्वजितच्या बफला पुरून उरला होता.

रिपोर्ट आला. रणजीतने विश्वजितला बोलावलं. त्याने रंग बदलला. आता आठवलं साहेब, डबा घरातच राहिला होता, दागिने तेवढे घेऊन गेली, भंगारात कशाला घालायचा म्हणून नाव काढलं.

"खोटं बोलला हे सिद्ध झालं," रणजीत राजलक्ष्मीला म्हणाला. "पण तेवढ्यावर खून उभा राहत नाही. बाई कुठे आहे, हे कळल्याशिवाय मी काय करू? आता त्याच्या बायकोचा जबाब घेतो. तुम्ही बाहेर बसा."

गीतांजली आली तशी राजलक्ष्मीच्या डोक्यात तिडीक गेली. तिच्या गळ्यात सगुणाची ठुशी होती. सोनाराकडून मणी मोजून घेतलेली, शकुबाईच्या पाटल्या मोडून केलेली ठुशी! या बाईलाही सोडायचं नाही, असं तिने तिथेच ठरवलं. नवऱ्याबरोबर हिलाही रडताना बघायचं.

आत रणजीतने गीतांजलीसमोर मोठा केलेला फोटो ठेवला. दार अर्धं उघडं होतं. फोटोत वर तिचं स्वतःचं नाव होतं, मशीनच्या बारीक टिपक्यांचं. आणि त्याच्या आरपार, खालून, जाड आणि काळसर अक्षरं वर आली होती. 'चि. सगुणा हौसेराव'.

गीतांजलीचा हात आपोआप गळ्याशी गेला.

"मला सांगितलं होतं की सगळं नवीन आहे," ती म्हणाली. तिने मान वळवून बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. "ताई, एक विचारू? आमच्या घरात कुंकवासकट गेलेली बाई कोण?"

राजलक्ष्मी उठून दारात आली. "कुणी नाही. बयाबाईंची सासू विधवा होऊन गेली. बयाबाई स्वतः विधवा. का?"

"मग अविधवा नवमीला सासूबाई कुणाचं पान वाढतात?"

रणजीतचं पेन थांबलं. पितृपंधरवड्यातली नवमी ही नवऱ्याच्या आधी, सवाष्ण म्हणून गेलेल्या बाईची. तिच्याच नावाने त्या दिवशी पान वाढतात, बांगड्या आणि हळदकुंकू ठेवतात. जिवंत बाईचं, पळून गेलेल्या बाईचं पान कोणी वाढत नाही.

"कुठे वाढतात?" राजलक्ष्मीने विचारलं.

"शेडच्या मागे. तिथे एक बुजवलेला हौद आहे, वर कोबा केलाय. मागच्या वर्षी बघितलं, या वर्षीही बघितलं. हिरव्या बांगड्या, पुरणपोळी. मी विचारलं तर यांनी मला मारलं." तिने दोरा सैल करून ठुशी गळ्यातून काढली आणि फोटोवर ठेवली. "माझं नाव काढून उद्या तिसरीचं घालतील. तुम्ही लिहून घ्या साहेब, मी सही करते."

राजलक्ष्मीला तिच्याविषयी जे वाटत होतं, ते तिथल्या तिथे गळून पडलं. उरलं ते सगळं विश्वजितच्या वाट्याला गेलं.

पावण्याला हौद फोडला तेव्हा शेजारच्या कारखान्यांतली माणसं भिंतीवर चढून बघत होती. विश्वजितला दोन हवालदारांनी धरून उभं केलं होतं. घण बसत होते, कोब्याचे तुकडे निघत होते, आणि प्रत्येक घणासरशी त्याची मान खाली जात होती. राजलक्ष्मी मुद्दाम त्याच्या समोर उभी राहिली. आठ वर्षं तो तिला रस्त्यात थांबवून विचारायचा ना? आता ती त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तिला बरं वाटत होतं, खरोखर बरं वाटत होतं. मग आतून एक माणूस म्हणाला, "साहेब, हात थांबवा," आणि राजलक्ष्मीला खाली बघावं लागलं. मातीत हाडांना अडकलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. तिला आता काही बरं वाटेना. ती जमिनीवर बसली.

तेवढ्यात बयाबाई धावत आल्या. लेकाच्या हातातल्या बेड्या बघून त्यांनी ऊर बडवून घेतला आणि राजलक्ष्मीचे पाय धरले. "पोरी, त्यो एकलाच हाय गं मला! रागाच्या भरात झालं त्याच्या हातनं. म्या तिला इसरले न्हाई, दर साली पान वाढलं, कदी चुकीवलं न्हाई!"

राजलक्ष्मीने पाय सोडवून घेतले आणि आईला फोन लावला. काय सांगायचं ते तिने ठरवलं नव्हतं.

"आई, सगुणा सापडली."

शकुबाईने विचारलं, "पळाली नव्हती न्हवं?"

"नाही आई. इथेच होती. शेडमागच्या हौदात."

"तिथं रडतंय कोन?"

"बयाबाई. दरवर्षी नवमीला सगुणाचं पान वाढायच्या, म्हणतात."

"फोन दे तिला."

राजलक्ष्मीने फोनचा आवाज मोठा केला आणि तो बयाबाईंच्या तोंडासमोर धरला. शकुबाई ओरडली नाही. शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

"बयाबाई, आठ वर्सं माझ्या पोरीचं पान तुमी वाढलंसा. आता फुडल्या नवमीपासनं आमी वाढू. तुमी तुमच्या ल्येकाच्या पानाची तयारी करा."